जुन्या साहसकथा पुन्हा वाचताय? आधी आवृत्ती बघा

लहानपणी आपण बहुतेक संक्षिप्त रूपांतरंच वाचलेली असतात. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' घ्या. १८७०च्या दशकातल्या पहिल्या इंग्रजी अनुवादाने जवळपास पाव मजकूर गाळला, त्यात शास्त्रीय तपशील बराच; आणि तोच अनुवाद पुढे वर्षानुवर्षं छापला गेला. म्हणून पूर्ण, नवा अनुवाद शोधा. माशांच्या लांबलचक याद्या आल्या की खुशाल पानं उलटा, परीक्षा थोडीच आहे!

स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' मात्र एका बैठकीत संपवू नका. ती १८८१-८२मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली होती, त्यामुळे प्रकरणं ऐन रंगात तोडलेली आहेत. रोज दोन पुरेत.

मुलांना वाचून दाखवणार असाल, तर आधी स्वतः चाळा. त्या काळच्या वंशभेदी वर्णनांवर बोलावं लागेल.