हेड ट्रॅकर कनेक्टच होत नाही!

प्रश्न: फ्लाइट सिम्युलेटरसाठी अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) आणि हालचाल मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर जोडून हेड ट्रॅकर (डोकं वळवलं की गेममधलं दृश्य वळवणारं यंत्र) बनवलाय, पण ओपनट्रॅकमध्ये (ट्रॅकरची हालचाल गेमला कळवणारा प्रोग्रॅम) स्टार्ट दाबलं की पोर्ट उघडतच नाही. काय चुकतंय?

उत्तर: आधी अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला सिरियल मॉनिटर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणारी खिडकी) बंद आहे ना बघा, एक कॉम पोर्ट (बोर्ड ज्यातून कॉम्प्युटरशी बोलतो तो) एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो आणि बहुतेकदा घोडं तिथंच अडतं. पोर्ट लिस्टमध्येच नसेल तर केबल बदला, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, नाहीतर स्वस्त नॅनोवर सीएच३४० ही यूएसबी जोडणीची चिप असते तिचा ड्रायव्हर टाका. पोर्ट उघडूनही काही हलत नसेल तर ओपनट्रॅकमधला बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) स्केचमधलाच, म्हणजे बोर्डावर टाकलेल्या प्रोग्रॅममधलाच, ठेवा, आणि सेन्सरची एसडीए पिन नॅनोच्या ए४ला, एससीएल ए५ला आहे का तपासा. हेडफोनवर बसवताना वायरी सोल्डरच करा हो, नुसत्या खोचलेल्या जंपर वायरी निसटतात.