पाऊल कुणाचे, हे कोण ओळखणार?

अमळनेर,
भाद्रपद वद्य पंचमी

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली सहा प्रकरणे पोचली आणि मी ती दोनदा वाचली. एकदा नुसता वाचक म्हणून, आणि दुसऱ्यांदा हातात शिसपेन्सिल घेऊन. सिंड्रेलाची गोष्ट तू रावेरकडच्या केळीबागांत आणलीस, भोपळ्याच्या बग्गीऐवजी केळीचे घड वाहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली आणलीस, परीच्या जागी तापीकाठची एक म्हातारी बसवलीस आणि राजवाड्यातला नाच काढून तिथे सारंगखेड्याचा घोडेबाजार भरवलास. हे वाचताना मला फार मौज वाटली, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे वाचून मी नाराज आहे अशी तुझी समजूत होणार नाही.

माझी अडचण तुझ्या मोजडीपाशी आहे. यात्रेच्या गर्दीत नायिकेची मोजडी हरवते, जहागीरदाराचा मुलगा ती घेऊन गावोगाव फिरतो आणि जिच्या पायात ती बसेल तिच्याशीच लग्न करीन म्हणतो. आता तूच सांग, आपल्याकडे एखादी मुलगी डोक्यावर हंडा घेऊन गल्लीतून निघाली, तर ओट्यावर बसलेली म्हातारी मान वर न करता, नुसत्या पायरवावरून, ती कुणाची लेक आणि कुणाची भाची हे सांगते की नाही? अशा मुलुखात मुलगी ओळखायला मोजडी कशाला लागेल? तू कथेचा पोशाख बदललास, पण पोशाखाच्या आतला सांगाडा जिथून उचललास तिथलाच राहिला.

या जोड्याचा प्रवास तुला ठाऊक असायला हवा. काचेचा जोडा आला तो १६९७ साली फ्रान्समध्ये छापल्या गेलेल्या शार्ल पेरोच्या संग्रहातून. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या संग्रहात, ज्याचा पहिला भाग १८१२ साली निघाला, काच नाही आणि परीही नाही. तिथे आईच्या थडग्यावर वाढलेले झाड आहे, तिसऱ्या रात्री सोन्याचा जोडा आहे, आणि तो जोडा आपोआप गळून पडत नाही, तर राजपुत्राने पायऱ्यांवर डांबरासारखा चिकट लेप फासून ठेवल्यामुळे तो तिथे चिकटून बसतो. सावत्र बहिणी तो पायात बसावा म्हणून, एक अंगठा आणि दुसरी टाच, कापून घेतात. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये लिहून ठेवलेल्या एका कथेत पोरकी मुलगी आहे, तिच्यावर माया करणारा मासा आहे, आणि हरवलेला जोडा आहे. १८९३ साली मॅरियन कॉक्स या इंग्रज बाईंनी या एकाच कथेची ३४५ रूपे गोळा करून छापली. यातल्या बहुतेक रूपांत जोड्याच्या जागी जे काही असेल, अंगठी असो वा आणखी काही, ते शोभेसाठी नसते. तो पुरावा असतो. चुलीच्या राखेतली मोलकरीण आणि उत्सवातली अनोळखी राजकन्या या एकच आहेत, हे जगाला पटवण्याचा पुरावा. तेव्हा तुझ्या जगात पुरावा म्हणून काय चालेल, हा पहिला प्रश्न आहे, आणि तो तू स्वतःला विचारलेला दिसत नाही.

मी उत्तर देणार नाही, पण मला काय सुचले ते सांगतो. आपल्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर उमटलेले पाऊल ऊन पडले की वाळते आणि कपाशीच्या सरीत कितीतरी दिवस तसेच राहते. निंदणीला येणाऱ्या बाया ते पाहून कोण इथून गेले हे सांगू शकतात. म्हणजे इथे पुरावा जहागीरदाराच्या मुलाच्या हातात नाही, शेतात राबणाऱ्या बायांच्या डोळ्यांत आहे. ओळख पटवायची की नाही, हे त्या ठरवणार. एवढा एक बदल केलास तर गोष्टीतली सत्ता कुठून कुठे जाते, याचा विचार कर.

तू ज्या इंग्रजी किशोर-कादंबऱ्या वाचून या वाटेला लागलीस, त्यांतल्या ज्या टिकल्या त्या याच कारणाने टिकल्या, असे माझे मत आहे. गेल कार्सन लेव्हिन यांची ‘एला एन्चान्टेड’ १९९७ साली आली. मूळ कथेत कुणी न विचारलेला एक साधा प्रश्न त्यात आहे : ही मुलगी इतके मुकाट्याने का सोसते? उत्तर असे, की जन्मतःच एका परीने तिला आज्ञाधारकपणाचे ‘वरदान’ दिले आहे आणि कुणीही हुकूम सोडला की तिला तो पाळावाच लागतो. सद्गुण म्हणून जे कौतुकाने सांगितले जात होते तेच शाप ठरले, आणि सगळी कादंबरी त्या एका गाठीतून उलगडत गेली. मारिसा मायर यांच्या २०१२ सालच्या ‘सिंडर’मध्ये नायिका अर्धी यंत्र असलेली कारागीर आहे, आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा जोडा राहत नाही, यंत्राचा पायच निखळून राहतो. हे चमत्कृतीसाठी केलेले नाही. ज्या मुलीचे शरीरसुद्धा कायद्याने तिचे स्वतःचे नाही, तिच्याकडे मागे ठेवायला शरीराचाच तुकडा आहे. त्या कादंबरीतले शहर नवे बीजिंग आहे, म्हणजे जोडा हजार वर्षांनी फिरून चीनमध्येच गेला; लेखिकेने ते मुद्दाम केले असो वा नसो, मला गंमत वाटली.

परीकथा नव्याने लिहिणे म्हणजे जुन्या गोष्टीने ज्या ठिकाणी गाठ मारून पुढे पळ काढला ती जागा शोधणे. तुझी गाठ अजून सापडलेली नाही, म्हणून तुझी सहा प्रकरणे सजावटीने भरली आहेत.

आणि जोड्याची गोष्ट परदेशातून आणायलाच हवी होती असेही नाही. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने घरी नोकरीला असलेल्या आयेकडून, ॲना लिबराता डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या गोष्टी १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने छापल्या. त्यात एका राजकन्येचा रत्नजडित सोन्याचा जोडा डोंगरावरून खाली जंगलात पडतो आणि शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडतो. पण इथे जोड्याचे काम सुरुवातीलाच संपते आणि लग्नही होऊन जाते. खरी गोष्ट त्यानंतरची आहे : त्या राजकन्येचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या हारात आहे, सवत तो हार चोरवते, आणि ती सवत दिवसा हार घालते तेव्हा ही मेलेली असते, रात्री काढून ठेवते तेव्हा ही जिवंत होते. दिवसा मेलेली आणि रात्री जिवंत असलेली बाई! हे दख्खनच्या स्वयंपाकघरात बसून कुणी सांगत होते, आणि आपण ट्रॉलीला पंख लावत बसलो आहोत. तू हीच कथा घे असे मी म्हणत नाही. पण लग्नाच्या पुढे जाणारी गोष्ट आपल्याकडे होती, हे लक्षात ठेव, कारण तुझे शेवटचे टिपण ‘आणि त्यांचे लग्न होते’ या वाक्यावर संपते.

आता तुझ्या सावत्र आईविषयी. ती मुळात चांगलीच होती, तिचा गैरसमज झाला होता, असे तू सहाव्या प्रकरणात उघड केलेस. हल्ली हा मार्ग फार लोकप्रिय आहे आणि मीही एकदा त्यात फसलो आहे. बावीस वर्षांचा असताना मी हिमगौरीची गोष्ट नव्याने लिहिली होती आणि राणीला निर्दोष ठरवले होते. मोठ्या अभिमानाने ती मी मोठ्या मायला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत हुंकार दिले आणि मग विचारले, “मंग त्या पोरले इख कोनी दिधं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. विष तर पोटात गेले होते. मी फक्त देणारा हात पुसून टाकला होता. वही मी ट्रंकेत ठेवली, ती अजून तिथेच आहे. योगायोग असा, की ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्खी आई असे करते हे छापायला बहुधा त्यांना जड गेले असावे. म्हणजे सावत्र आई हीच मुळात एक सारवासारव आहे. तुला तिच्याविषयी काही नवे सांगायचे असेल तर तिथून सुरू कर. तिला क्षमा हवी असेल तर जरूर मिळू दे, पण जे केले ते तिनेच केले आहे, हे राहू दे.

जादूबद्दल एकच सांगतो. तुझी तापीकाठची म्हातारी मागेल ते देते आणि बदल्यात काहीच मागत नाही. आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठव. आटपाट नगरातल्या त्या बायांना वसा मिळतो तो अटींसह मिळतो : उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. ऐश्वर्य आले की वसा विसरला जातो, आणि विसरला की सगळे जाते. जादूचे नियम कसे आखावेत यावर परदेशी लेखकांची व्याख्याने तू ऐकतेस हे मला ठाऊक आहे; ती ऐक, पण वसा हा शब्दही शेजारी ठेवून पाहा. आणि पाचव्या प्रकरणात अस्तंब्याच्या डोंगरावरचा अश्वत्थामा तू पहारेकरी राक्षस केला आहेस, तो काढ. दिवाळीत सातपुड्यातले आदिवासी तरुण ज्याच्या यात्रेला तो डोंगर चढतात, जो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो अशी लोकांची श्रद्धा आहे, त्याला लढाईपुरते भाड्याने आणू नये. त्या यात्रेला गेलेल्या कुणाजवळ आधी बसून ये.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचला. तुझी नायिका आणि जहागीरदाराचा मुलगा प्रमाण मराठी बोलतात. मोलकरीण, ट्रॅक्टरवाला आणि दुष्ट आत्या मात्र अहिराणी बोलतात. तू हे ठरवून केले नसशील. पण केळीबागेत वाढलेली, राखेत झोपणारी मुलगी पुस्तकी मराठी कुठे शिकली? आणि तिच्या तोंडी अहिराणी आली तर ती नायिका राहणार नाही, अशी भीती तुझ्या मनात कुणी घातली? शाळेत घातली गेली असेल, माझ्याही मनात घातली गेली होती. निवेदन तू प्रमाण मराठीत ठेव, त्याला माझी हरकत नाही. पण रागावताना, घाबरताना आणि प्रेमात पडताना तिला तिच्या मायच्या बोलीत बोलू दे, आणि खाली अर्थ देत बसू नकोस. वाचक हुशार असतात.

सध्या आमच्या गल्लीत संध्याकाळी गुलाबाईची गाणी चालू आहेत. त्यातले माहेरी जाऊ मागणाऱ्या सुनेचे गाणे तुला पाठ असेलच : आधी कारल्याचे बी पेर, मग जा, वेल येऊ दे, मग जा, कारली लागू देत, मग जा. परवा ते ऐकताना माझ्या मनात आले, की ग्रिमच्या कथेत सावत्र आई राखेत डाळ ओतून ‘निवडून दे, मग जा’ म्हणते, तेव्हा पाखरे येऊन डाळ निवडून देतात. आपल्या सुनेच्या मदतीला मात्र कुणीच येत नाही आणि वेल आपल्या गतीने वाढत राहतो. या सुनेला पाखरे का मिळाली नाहीत, हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन हिंडतो आहे. तुला नको असेल तर मला परत दे.

प्रकरणे टपालाने पाठवतो आहे. पेन्सिलीच्या खुणांवर चिडू नकोस. कोजागिरीला इकडे ये, कळण्याची भाकरी आणि भरीत होईल. तोवर नवे काही लिहू नकोस, फक्त तिसरे प्रकरण पुन्हा लिही, आणि या वेळी मोजडीशिवाय.

ट्रॉली मात्र ठेव. ती मला आवडली.

तुझे
सर