पंपमालकाच्या ‘बघतो’ने मुदत थांबत नाही

प्रश्न : माझ्या डिझेल गाडीत पंपावरच्या मुलाने पेट्रोल भरलं. थोड्याच अंतरावर गाडी बंद पडली. हाय प्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर बदलावे लागले. काढलेलं इंधन आणि जुने भाग गॅरेजने टाकून दिले. बिलं माझ्याकडे आहेत. पंपमालक आधी ‘अर्धं देतो’ म्हणाले, मग ‘बघतो’, आता फोन उचलत नाहीत. 22 महिने झाले. नोटीस पाठवावी का?

उत्तर : अशा बहुतेक पत्रांत नोटिशीचंच विचारलेलं असतं. ग्राहक आयोगात जायला नोटीस सक्तीची नाही. तुमचं सगळं अडलंय ते तारखेवर. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. ते कारण पेट्रोल भरलं त्या दिवशी घडलं, असंच धरून चाला. मालकाने फोन उचलणं बंद केलं तेव्हापासून मोजू नका. तोंडी आश्वासनांनी मुदत लांबत नाही, आज पाठवलेल्या नोटिशीनेही लांबणार नाही. नोटीस, पंधरा दिवसांची वाट, मग स्मरणपत्र, यातच उरलेले दोन महिने जातील. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि ‘बघतो म्हणाले होते’ हे बहुधा पुरत नाही. तेव्हा आधी तक्रार दाखल करा. तडजोड नंतरही होते.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ऑनलाइनही. फी मोजली जाते ती मोबदल्याच्या रकमेवर, म्हणजे इथे इंधनाच्या बिलावर, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा.

आता पुराव्याचं. मोडके इंजेक्टर आणि बाटलीभर इंधन जपून ठेवलं असतंत तर अर्धा वाद तिथेच मिटला असता. ते गेलं. उरलं इंधनाचं बिल. त्यावर ‘पेट्रोल’ किंवा ‘एमएस’ छापलेलं असेल (डिझेलला ‘एचएसडी’ असतं) आणि आरसीवर इंधन डिझेल असेल, तर चूक कागदावरच दिसते. ते थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा, अक्षरं उडतात. बिलावर गाडीचा नंबर आहे का पाहा. नसेल तर ‘ते पेट्रोल दुसऱ्याच गाडीत गेलं’ असं पंपवाला म्हणेल. मग यूपीआय किंवा कार्डाच्या नोंदीतली वेळ, टोइंगची पावती आणि गॅरेजच्या जॉबकार्डावरची तारीख एकमेकांशी जुळवून दाखवावी लागेल. गॅरेजकडून लेखी कारणही घ्या : गाडीतल्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोलने ते जातं, धातू झिजतो आणि त्याचे कण इंजेक्टरमध्ये शिरतात. नुसतं ‘पार्ट बदलले’ लिहिलेलं बिल आयोगापुढे फार काही सांगत नाही.

बचाव दोन येतील. ‘गिऱ्हाइकानेच पेट्रोल सांगितलं’ हा पहिला. तुम्ही तोंडाने काय सांगितलंत ते तक्रारीत स्पष्ट लिहा. दुसरा जास्त धोक्याचा : चूक कळल्यावरही इंजिन सुरू केलं का? केलं असेल तर भरपाई कमी होऊ शकते. ‘त्या पोराला काढून टाकलं’ हा मात्र बचावच नव्हे. कामावर असताना नोकराने केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो.

तेल कंपनीलाही सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) करायचं का, हे पंप कोण चालवतं यावर आहे. डीलर स्वतंत्र असेल तर कंपनी बहुतेक वेळा हात वर करते. मानसिक त्रासाचे किती मिळतील, ते सांगता येणार नाही.

सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. निकाल 3 महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. तारखांवर तारखा पडतात, तेव्हा त्या हिशेबावर गाडीचं कर्ज काढू नका.