सटन हूचं सोन्याचं बक्कल: पट्ट्याच्या बकलात एवढं काय आहे?

तुमचा प्रश्न असा: लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या, सटन हूला सापडलेल्या सोन्याच्या बकलाचं एवढं कौतुक कशासाठी, आणि ते खरंच कोणी कमरेला लावत होतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. लावता येईल असंच ते घडवलंय. कडी, जीभ, सगळं जिथल्या तिथे आहे. पण पट्टा आवळण्यापुरतंच बक्कल हवं असतं, तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

मी सोनाराच्या घरातला. त्यामुळे म्युझियमच्या 41 नंबरच्या दालनात त्या काचेपुढे उभा राहिल्यावर नक्षीआधी वजनच डोक्यात आलं. 412.7 ग्रॅम! दहा ग्रॅमचा तोळा धरला तर 41 तोळ्यांच्या वर, आणि लांबी जेमतेम 13.2 सेंटिमीटर. म्हटलं, भरीव असणार. तिथेच फसलो. ते आतून पोकळ आहे. आमच्याकडे पोकळ डाग म्हटला की आत लाख भरलीय का, हे पहिलं विचारतात. इथे लाखबिख काही नाही, पत्राच चांगला जाड आहे.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. पाठीचं झाकण बिजागरीवर उघडतं आणि तीन सरकत्या खिट्ट्यांनी बंद होतं. थोडक्यात, ही एक कुलूपबंद डबी आहे आणि ती बकलाचं सोंग घेऊन कमरेवर बसते. इ.स. 600 च्या आसपासचं हे काम आहे. बिजागरी इतकी चपखल बसवणाऱ्या कारागिराला माझा दंडवत.

डबीत काय ठेवत असतील? त्या काळी युरोप खंडात काही ख्रिस्ती लोक पोकळ बकलात संतांचे अवशेष बाळगत, म्हणून हेही तसंच असावं असा एक तर्क आहे. ज्याच्या थडग्यात ते मिळालं, तो बहुतेक इंग्लंडच्या पूर्वेकडच्या पूर्व अँग्लिया राज्याचा राजा रेडवॉल्ड. याच्याबद्दल बीड नावाच्या भिक्षूने शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलंय की बाप्तिस्मा घेऊनही त्याने एकाच मंदिरात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांची वेदी अशा दोन्ही ठेवल्या होत्या. अशा माणसाच्या कमरेला संताचं हाड असेल, तर मला तरी नवल वाटणार नाही.

आता पुढची बाजू. पहिल्यांदा बघाल तर नुसता दोऱ्यांचा गुंता वाटेल. जरा थांबा, एक डोळा शोधा आणि तिथून अंगाचा माग काढत जा. साप एकमेकांत विणलेले आहेत, वाकड्या चोचीची पक्ष्यांची डोकी आहेत आणि अगदी टोकाला दोन जनावरांनी एक चिमुकला प्राणी जबड्यात धरलाय. एकूण तेरा जीव. मला पहिल्या खेपेला सातच सापडले. जनावरांच्या अंगावर ठोकून बारीक टिंबं पाडलीत आणि त्यांत नाएलो, म्हणजे धातू आणि गंधकाचं काळं मिश्रण, भरलंय. ते काळं नसतं तर कुठला साप कुठे संपतो हे कळलंच नसतं.

याच थडग्यातल्या पट्ट्याच्या इतर साजावर, खांद्यावरच्या चापांवर, थैलीच्या झाकणावर लालभडक गार्नेट जडवलेत. त्या काळच्या युरोपी दागिन्यांतले बरेच गार्नेट भारत आणि श्रीलंकेतून गेलेले, हे रासायनिक तपासणीतून कळलंय. बकलावर मात्र एकही खडा नाही. सगळी मदार सोन्यावर आणि हातावर. माझ्या मते म्हणूनच ते बाकीच्यांत उठून दिसतं. संशोधकांनी आणखी एक हिशेब मांडलाय: यात जेवढं सोनं आहे, साधारण तेवढंच एखाद्या सरदाराचा खून केल्यास भरपाई म्हणून द्यावं लागे.

सापडलं कसं, ते थोडक्यात. इंग्लंडच्या सफक परगण्यात सटन हू इथे एडिथ प्रेटी या बाईंच्या जमिनीवर जुने मातीचे उंचवटे होते. त्यांनी बेसिल ब्राउन या स्थानिक खोदकाम करणाऱ्याला बोलावलं. 1939 च्या उन्हाळ्यात एका उंचवट्याखाली 27 मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मिळाला. आम्लधर्मी वाळूने लाकूड खाऊन टाकलं होतं. राहिले ते लोखंडी खिळे आणि वाळूत उमटलेला आकार. प्रेताचाही मागमूस नव्हता. सोन्याला मात्र काही झालं नव्हतं. महायुद्ध तोंडावर होतं, म्हणून सगळं घाईघाईने उचललं आणि युद्धाच्या काळात लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात ठेवलं.

मालकी कोणाची, यावर ऑगस्टमध्ये गावातल्या सभागृहात पंच बसले. कायदा असा होता की परत काढून घेण्याच्या इराद्याने पुरलेला खजिनाच सरकारजमा होतो. राजाबरोबर चारचौघांत पुरलेलं सोनं परत काढायला कोण येणार होतं? निकाल प्रेटीबाईंच्या बाजूने लागला. आणि बाईंनी काही दिवसांतच सगळंच्या सगळं म्युझियमला देऊन टाकलं.

कधी लंडनला गेलात तर दालनात तिकीट नाही. जाण्याआधी म्युझियमच्या वेबसाइटवर पाठीकडचे फोटो शोधून ठेवा, कारण काचेपुढे उभं राहून बिजागरी काही दिसत नाही.