गाडी चालवतो कोण?

साताऱ्याच्या एका ट्रकमालकाचं पत्र आलंय. गाडी 2009 ची. रेडिएटर गळत होता म्हणून पुण्याजवळच्या एका गॅरेजात 18,500 रुपये देऊन नवा बसवला. सतराव्या दिवशी वाशीहून परतीचा माल घेऊन खंबाटकी चढताना गाडी गरम झाली, इंजिनाचं हेड (वरचा झाकणासारखा भाग) वाकलं, त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) उडालं. इंजिनकामाचं बिल 1,42,000. गॅरेजवाला म्हणतो, जुनी गाडी, आमचा संबंध नाही. 'ग्राहक मंचात गेलो तर पैसे मिळतील का?' असं ते विचारतात. घटनेला वीस महिने झालेत.

अशी पत्रं मला सतत येतात. कुठे टर्बो असतो, कुठे क्लच. जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, पार्ट खराब निघाला एवढं सिद्ध केलं की झालं. पार्टची पाळी नंतर येते. तुम्ही मुळात 'ग्राहक' आहात का, हा प्रश्न आधी.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 2(7) पाहा. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सूट आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली, तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण दिलंय. भाड्याने माल वाहण्यासाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहक. मदतीला एकदोन माणसं असली तरी बिघडत नाही, म्हणजे क्लीनर चालतो. पण मालक घरी आणि पगारी ड्रायव्हर गाडीवर, असं असेल तर हे दार बहुधा बंद.

आता तुमच्या पत्रातलं वाक्य तुम्हालाच वाचून दाखवतो: 'गाडीवर ड्रायव्हर असतो, मीपण चालवतो.' मीपण म्हणजे महिन्यातून किती फेऱ्या? तुमची अख्खी केस त्या 'पण'वर उभी आहे.

त्यात गॅरेजला पाठवलेली नोटीस! कुणाला न विचारता, ट्रान्सपोर्टच्या लेटरहेडवर, 'आमच्या फर्मच्या गाड्यांचे व्यावसायिक नुकसान'. अहो, गाडी एकच ना तुमच्याकडे? मग 'गाड्या' कशाला? समोरचा वकील तो कागद पहिल्याच तारखेला दाखल करील. नोटीस परत घेता येत नाही. तक्रारीत खरी परिस्थिती सरळ मांडायची आणि ती कागदांनी भरून काढायची.

कागद कुठले? तुमचं हेवीचं (अवजड वाहनाचं) लायसन त्या काळात चालू होतं का, ते पाहा. बिल्ट्या (माल वाहतुकीच्या पावत्या) काढा, त्यांवर ड्रायव्हरचं नाव असतं. त्या तिमाहीतल्या निम्म्याहून जास्त बिल्ट्यांवर तुमचं नाव असेल तर मला धीर येईल. घाटातल्या फेरीला स्टिअरिंगवर कोण होतं, तेही कळवा. आयकर विवरणपत्रात दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर उत्तम. खोटं मात्र काही लिहू नका, तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र जातं.

बाकीचं थोडक्यात. विम्याचा नाद सोडा, नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत. 'गाडी जुनी' या बचावात फार दम नाही. गाडी जुनी असली तरी रेडिएटर नवा होता. पुराव्याचं मात्र सांगता येत नाही. तो गळलेला नवा रेडिएटर आणि वाकलेलं हेड तुम्ही भंगारात दिलंत, म्हणजे प्रयोगशाळेत पाठवायला काही उरलं नाही. हेड उघडणाऱ्या मिस्त्रीचा लेखी जबाब आणि मोबाइलवरचे फोटो यांवर भागवावं लागेल. आणि ती हळद! शिरवळला गळती दिसल्यावर रेडिएटरात मूठभर हळद टाकून घाट चढायला घेतलात. तापमानाचा काटा लालवर गेल्यावर गाडी थांबवली होती का? नसेल, तर इंजिनाच्या रकमेत कपात होऊ शकते. कदाचित रेडिएटरचे पैसे आणि थोडी भरपाई एवढ्यावरच थांबेल.

तक्रारीची मुदत कलम 69 नुसार दोन वर्षांची. गॅरेजवाला ती रेडिएटर बसवल्याच्या तारखेपासून मोजायला लावील, म्हणून तुम्हीही तिथूनच मोजा. फोनवरच्या 'बघतो, करतो'ने ती वाढत नाही, नोटिशीनेही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण द्यावं लागतं, आणि 'गॅरेजवाला टाळत होता' हे कारण ऐकून ऐकून ग्राहक आयोग (पूर्वीचे ग्राहक मंच) कंटाळलेत. तक्रार साताऱ्यातच करता येते, पुण्याला खेपा नकोत. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फीही नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचात, असं कायदा म्हणतो. कॅलेंडर मात्र दोन वर्षांचं आणून ठेवा.

ग्राहक ठरला नाहीत तर दिवाणी न्यायालय. तिथे मुदत तीन वर्षांची, पण दीड लाखासाठी ती वाट धरा असं मी कुणाला पटकन सांगत नाही.

पाकिटात सही केलेलं कोरं वकीलपत्र पाठवलंय, ते परत धाडतोय. आधी बिल्ट्या पाठवा.