शंका-समाधान : प्रवाळ पांढरे पडले, म्हणजे मेले का?

प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात मी पाळलेले एक दगडी प्रवाळ पांढरे पडले आहे. कॅल्शियमचे द्रावण मी नियमित घालतो. मग असे का व्हावे? समुद्रातील प्रवाळभित्ती पांढऱ्या पडतात, तोच हा प्रकार आहे का?

उत्तर : आधी भिंगातून नीट पाहावे. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते आणि त्याचा बराचसा रंगही त्या शैवालाचाच असतो. उष्णतेचा किंवा एकाएकी वाढलेल्या प्रखर प्रकाशाचा ताण आला की प्रवाळ हे शैवाल गमावते आणि त्याच्या पारदर्शक ऊतींतून खालचा सांगाडा दिसू लागतो. ऊती शाबूत असतील, तर प्रवाळ जिवंत आहे, मात्र उपाशी आहे. समुद्रात उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी साधारण १ अंश सेल्सिअसने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी हेच घडते. १९९८ आणि २०१६ साली जगभरातील प्रवाळभित्तींना त्याचा मोठा फटका बसला.

याउलट ऊतीच सोलून निघाल्या असतील आणि नुसता सांगाडा उरला असेल, तर तेवढा भाग मेलेला आहे. कडेच्या जिवंत ऊती पुढे त्यावर पसरू शकतात.

आपण अल्कलिनिटीबद्दल, म्हणजे मुख्यतः पाण्यातील बायकार्बोनेट आणि कार्बोनेटच्या साठ्याबद्दल, काहीच लिहिलेले नाही, आणि ऊती सुटत असतील तर मला पहिला संशय तिचाच येतो. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो घडताना लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होते, तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएचने (डीकेएच हे ती मोजण्याचे एकक) उतरते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅमहून थोडे अधिक, तर अल्कलिनिटी जेमतेम ७ डीकेएच असते, म्हणजे कॅल्शियममध्ये फरक जाणवायच्या आतच अल्कलिनिटी पार ढासळलेली असू शकते. केवळ कॅल्शियम ओतत राहण्याने ही तूट भरून निघत नाही. मॅग्नेशियमही तपासावे, ते लिटरमागे १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास हवे, कारण ते फार कमी असेल तर कॅल्शियम कार्बोनेट प्रवाळाच्या उपयोगी न पडता पंपावर आणि हीटरवर साचत जाते.

अल्कलिनिटी कमी आढळली, तर ती दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक वाढवू नये. आकडा ८ असो वा ९, तो रोज तसाच राहणे अधिक महत्त्वाचे. ऊती शाबूत असतील, तर प्रकाश थोडा कमी करावा, तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवावे आणि संस्पर्शक (तोंडाभोवतीचे अन्न पकडणारे तंतू) बाहेर आलेले असताना, बहुधा रात्री, बारीक अन्न द्यावे. रंग परतायला आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर प्रवाळाची जागा वारंवार बदलू नये.