भोवळ, मिरगी आणि हृदयाच्या नसा जाळण्याचा उपचार

वैशाखाचं ऊन तापलं की भोवळीची पत्रं वाढतात. हल्ली त्यात एक नवा प्रश्न सारखा येतो, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

भोवळ येऊन पडलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवावी का? (उदगीर)

नाही. आडवं झोपवा, पाय वर उचलून धरा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.

रक्त काढताना मुलगी बेशुद्ध पडते. हृदयविकार असेल का? (परभणी)

बहुधा नाही, तरी एकदा ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा.

मुलगा 24 वर्षांचा, वारंवार पडतो. टिल्ट टेस्टमध्ये (पलंगाला बांधून उभं तिरपं करतात ती तपासणी) हृदय काही सेकंद थांबलं. अ‍ॅब्लेशन (हृदयाच्या नसा जाळणं) केलं की कायमचा बरा होईल, या महिन्यात केलं तर पॅकेजमध्ये सूट, असं एका दवाखान्यात सांगितलं. करावं का? (लातूर)

सूट मिळते म्हणून तर मुळीच नाही. भोवळीवरच्या उपचाराला महिनाअखेरची मुदत कशाला हवी?

हृदय मंद करणाऱ्या व्हेगस नसेच्या गाठी वरच्या कप्प्यांभोवतीच्या चरबीत असतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी (कॅथेटर) नेऊन त्या उष्णतेने जाळतात. ब्राझीलच्या डॉ. पाचॉन यांनी 2005 साली ही पद्धत मांडली. पोलंडमधल्या 48 रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत पुन्हा भोवळ आली ती अ‍ॅब्लेशन केलेल्यांपैकी 8 टक्क्यांना, न केलेल्यांपैकी 54 टक्क्यांना. आकडे आशादायक आहेत, पण रुग्ण मोजके, आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्णांना ठाऊक होतं. ‘कायमचा’ हा शब्द यातून निघत नाही, कारण जाळलेल्या नसा पुन्हा वाढू शकतात. नाडी नेहमीसाठी जलद राहू शकते. क्वचित हृदयाभोवती रक्त साचतं, पक्षाघातही होतो.

शिवाय हा उपचार हृदय थांबून येणाऱ्या भोवळीसाठी आहे. नुसता रक्तदाब कोसळत असेल, तर नसा जाळून फारसं काही साधत नाही. म्हणून मुलाला आधी अ‍ॅट्रोपिनचं (व्हेगसचा परिणाम तात्पुरता रोखणारं) इंजेक्शन देऊन नाडी किती वाढते ते पाहिलं का, हे विचारा. भरपूर पाणी, (रक्तदाब जास्त नसेल तर) थोडं जास्त मीठ, अंधारी येताच पायांची अढी घालून स्नायू आवळणं, हे महिनोन्‌महिने नेटाने झालं का? ते करूनही तो पडून जखमी होत असेल, तर सगळे रिपोर्ट घेऊन हृदयाच्या ठोक्यांच्या दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. मग ठरवा.

भोवळ येते, तरी नवरात्रात निर्जळी उपवास चालेल का? (तुळजापूर)

निर्जळी नको.

भाऊ उसाची मोळी घेऊन चढताना दोनदा बेशुद्ध पडला. गावातले मिरगी म्हणतात, गोळ्या चालू आहेत. पट्टा पडल्यावर (ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर) दाखवू का? (माजलगाव)

पट्टा पडायची वाट पाहू नका, याच आठवड्यात दाखवा! श्रम करताना पडणं ही साधी भोवळ समजू नये. हृदयाची झडप आकसलेली, स्नायू जाड झालेला किंवा ठोके बिघडलेले असू शकतात. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय त्याला मोळी उचलू देऊ नका. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.